अर्ध्या-पाऊण लाखात मावेल असा प्रश्न : विद्यापीठाचा संशोधन निधी कसा मागावा, कसा खर्चावा

तालुक्याच्या कॉलेजात संशोधन निधीचे परिपत्रक पोहोचते तेव्हा शेवटची तारीख बहुधा चार दिवसांवर आलेली असते. आवक रजिस्टरला नोंद, प्राचार्यांची सही, मग विभागप्रमुख, मग शिपाई वर्गावर घेऊन येणार. एवढ्या फेऱ्यांत तारीख निघून जाते, आणि 'विद्यापीठ खेड्यातल्या कॉलेजला काही देत नाही' हा समज आणखी पक्का होतो. विद्यापीठ देते. रक्कम मोठी नसते, नियम भरपूर असतात, आणि वेळापत्रक विद्यापीठाचे असते. तुमच्या पिकाचे किंवा पावसाचे नसते. या तीन गोष्टी आधीच हिशेबात धरल्या, तर वर्धा, वाशीम किंवा आरमोरीच्या कॉलेजात बसूनही हा पैसा मिळवता येतो.

अंतर्गत निधी म्हणजे विद्यापीठाने स्वतःच्या अंदाजपत्रकातून आपल्या विभागांना आणि संलग्न कॉलेजांतल्या संशोधकांना दिलेला पैसा. विदर्भात हा अर्ज कुठे करायचा ते जिल्ह्यावरून ठरते. अमरावती, अकोला, वाशीम, बुलडाणा आणि यवतमाळ हे पाच जिल्हे संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाकडे. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाकडे. चंद्रपूर आणि गडचिरोली २०११ पासून गोंडवाना विद्यापीठाकडे. अकोल्याचे कृषी विद्यापीठ, नागपूरचे पशुवैद्यक विद्यापीठ किंवा रामटेकचे संस्कृत विद्यापीठ यांचे नियम वेगळे असतात, म्हणून इथले तपशील तिथे जसेच्या तसे लावू नका.

योजनेचे नाव विद्यापीठागणिक बदलते. कुठे सीड मनी, कुठे लघु संशोधन प्रकल्प, कुठे नुसतेच 'संशोधन साहाय्य'. कार्यालयाचे नावही फसवते. १९९४ च्या विद्यापीठ कायद्यात महाविद्यालय व विद्यापीठ विकास मंडळ होते, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचे बीसीयूडी. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात ते राहिले नाही. तो कायदा १ मार्च २०१७ पासून लागू झाला आणि संशोधन मंडळ, नवोपक्रम संचालक अशी नवी रचना आली. जुने बाबू अजूनही 'बीसीयूडीत विचारा' म्हणतात. संकेतस्थळावर मात्र संशोधन विभाग, नवोपक्रम विभाग आणि वित्त विभाग ही तिन्ही पाने पाहावी लागतात.

पूर्वी ग्रामीण कॉलेजचा आधार यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, लघु संशोधन प्रकल्प होता. बारावी पंचवार्षिक योजना मार्च २०१७ मध्ये संपली आणि ती वाटही बंद झाली. आता मोठा पैसा हवा असेल तर २०२३ च्या कायद्याने आलेल्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनकडे किंवा राज्याच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाकडे जावे लागते. तिथे पहिला प्रश्न येतो, 'प्राथमिक निष्कर्ष काय आहेत?' ते निष्कर्ष मिळवायलाच हा छोटा निधी असतो. सीड मनीतला सीड म्हणजे बियाणे. एका थैलीत सगळे वावर पेरायला निघालेला अर्ज छाननीत पहिल्यांदा बाजूला पडतो.

विद्यापीठ हा पैसा का देते हेही माहीत असावे, कारण पुढचे निम्मे नियम त्यातूनच येतात. विद्यापीठे आणि स्वायत्त महाविद्यालये यांच्या नॅक मूल्यांकनात (उच्च शिक्षण संस्थांची राष्ट्रीय गुणवत्ता तपासणी) शिक्षकांना सीड मनी किती दिला हे मोजले जाते, आणि त्याला लेखापरीक्षित हिशेबाचा पुरावा लागतो. त्यामुळे मार्च जवळ आला की वित्त विभाग खर्चाच्या कागदांसाठी मागे लागतो. कारण मामुली आहे, तो आकडा त्याच आर्थिक वर्षात दिसायला हवा असतो.

कोण अर्ज करू शकतो

बहुतेक योजनांत मुख्य संशोधक नियमित, मान्यताप्राप्त शिक्षक असावा लागतो. पूर्णवेळ ग्रंथपाल आणि शारीरिक शिक्षण संचालक चालतात का, ते परिपत्रकात नीट वाचा. बऱ्याचदा चालतात आणि तेच अर्ज करत नाहीत. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला स्वतःच्या नावाने अर्ज करता येत नाही, आणि विदर्भातल्या कितीतरी विभागांत काम तोच ओढतो. हा अन्याय आहे, पण आजचा नियम असा आहे. त्याचे नाव सहसंशोधक म्हणून घालावे, अर्जातच कामाची वाटणी लिहावी आणि लेखात लेखक म्हणून तो असेल हेही लिहून ठेवावे. तोंडी ठरवलेले निकालाच्या वेळी कोणाला आठवत नाही.

निवृत्तीला प्रकल्पाच्या कालावधीपेक्षा कमी काळ उरला असेल तर अर्ज अडतो. आधीच्या प्रकल्पाचे उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, बाकी असेल तरीही अडतो. जुन्या प्राध्यापकांनी कधीकाळी घेतलेल्या निधीचा हिशेब कॉलेजच्या नावावर थकलेला असेल, तर काही ठिकाणी नव्या अर्जदाराचीही फाइल थांबते. म्हणून लिहायला बसण्याआधी कार्यालयात विचारा, कॉलेजकडे विद्यापीठाची काही वसुली बाकी आहे का. पाच मिनिटांचे काम आहे.

पीएच.डी. करणाऱ्यांना हा निधी बहुधा थेट मिळत नाही, मार्गदर्शकाच्या प्रकल्पातून मिळतो. विद्यार्थ्यांसाठी आविष्कार ही वेगळी वाट आहे. २००६ पासून राज्यभरातल्या विद्यापीठांत ही स्पर्धा होते आणि तिच्यात सहा गट असतात: मानव्यविद्या व भाषा, वाणिज्य-व्यवस्थापन-विधी, मूलभूत विज्ञान, शेती व पशुसंवर्धन, अभियांत्रिकी, वैद्यक व औषधनिर्माण. तिथून मिळते ते बक्षीस, प्रकल्पाचा खर्च नव्हे. पण परीक्षकांच्या प्रश्नांना एकदा तोंड दिले की पुढचा प्रस्ताव सुधारतो.

एक सावधगिरी. पेटंट घेण्याजोगे काही केले असेल, उदाहरणार्थ हाताने चालणारे मोहफूल वाळवणी यंत्र, तर पोस्टर लावण्याआधी अर्ज दाखल करा. जगासमोर मांडलेली गोष्ट नंतर नवी ठरवणे अवघड जाते. तात्पुरत्या तपशिलासह अर्ज केला की पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. शैक्षणिक संस्थांना २०२१ पासून शुल्कात ८० टक्के सवलत आहे, ऑनलाइन दाखल शुल्क १,६०० रुपये पडते. विद्यापीठांकडे यासाठी वेगळे साहाय्य असू शकते, तो अर्ज संशोधन प्रकल्पात मिसळू नका.

परिषदेला जाण्याचा प्रवास, परिषद भरवणे आणि छपाई यांच्याही छोट्या योजना असतात. त्यांचे सूत्र एकच, मंजुरी आधी आणि तिकीट नंतर. आधी जाऊन आलेल्या माणसाचे बिल निघत नाही.

प्रश्न निधीच्या मापाचा करा

नापास होणाऱ्या प्रस्तावांचे सर्वांत मोठे कारण भाषा किंवा संदर्भ नसतात. प्रश्न आणि पैसा यांचा मेळ नसतो. 'विदर्भातील शेतकऱ्यांच्या समस्यांचा अभ्यास' हा विषय पंचाहत्तर हजारांत कोणी करू शकत नाही, आणि पंचाहत्तर लाखांतही त्यातून काय निघेल हे सांगता येत नाही. छाननी समितीत तुमच्याच विषयाचे लोक असतील असे नाही. रसायनशास्त्राचा माणूस अर्थशास्त्राचा प्रस्ताव वाचत असतो आणि त्याच्यापुढे गठ्ठा असतो. पहिल्या पानावर त्याला तीन गोष्टी दिसाव्या लागतात: नेमके काय मोजणार, कुठे मोजणार, किती वेळा मोजणार.

खारपाण पट्ट्याचे उदाहरण घेऊ. पूर्णा खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतून जाणारा हा खाऱ्या पाण्याचा पट्टा सगळ्यांना माहीत आहे, म्हणून 'खारपाण पट्ट्यातील पाण्याचा अभ्यास' असे शीर्षक दिले की समितीतला कोणीही म्हणेल, हे तर झालेले आहे. तेच असे लिहा: दर्यापूर तालुक्यातल्या २० विहिरी व बोअरचे पाणी पावसाळ्याआधी आणि नंतर किती बदलते, आणि ते ओलितायोग्य उरते का. आता प्रश्नाला कडा आली. २० स्रोत, दोन हंगाम, म्हणजे ४० नमुने. प्रत्येक फेरीत दोन दुहेरी नमुने (त्याच स्रोताची दुसरी बाटली) आणि एक कोरा नमुना (शुद्ध पाण्याची बाटली) धरा, म्हणजे फेरीला २३ आणि एकूण ४६ बाटल्या. दुहेरी आणि कोरे नमुने लिहिले नाहीत तर जाणकार परीक्षक तिथेच खूण करतो, कारण त्यांच्याशिवाय तुमच्या हाताची चूक आणि पाण्यातला फरक वेगळे करता येत नाहीत.

पद्धतही तेवढ्याच नेमकेपणे लिहा. सामू (पीएच) आणि विद्युत वाहकता विहिरीवरच मोजायची, कारण बाटलीत सामू बदलतो. बोअर असेल तर आधी पाच-दहा मिनिटे चालू द्यायचा, नाही तर पाइपातले साचलेले पाणी हाती येते. बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळायची. सोडियम मोजायचे असल्याने काचेची बाटली नको, प्लास्टिकची घ्या. काचेतून सोडियम पाण्यात उतरते. क्लोराइड सिल्व्हर नायट्रेटच्या अनुमापनाने (टायट्रेशनने) कॉलेजच्या प्रयोगशाळेत निघते, फक्त सामू ७ ते १० मध्ये असावा लागतो. खारपाणात क्लोराइड एवढे असते की नमुना पातळ केला नाही तर सिल्व्हर नायट्रेटची बाटली दहाव्या विहिरीलाच संपते. हे अर्जात लिहिले की परीक्षकाला कळते, माणसाने हे काम हाताने केलेले आहे. काठिण्य ईडीटीए या रसायनाच्या अनुमापनाने काढा. सोडियमला फ्लेम फोटोमीटर लागतो. तो नसेल तर नमुने विद्यापीठाच्या विभागात किंवा माती-पाणी परीक्षण प्रयोगशाळेत पाठवा आणि तो खर्च हिशेबात धरा.

निष्कर्ष कशाशी ताडणार हेही सांगा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसेल तर कमाल २,००० आहे. ओलितासाठी मात्र ही मर्यादा लावायची नसते. तिथे सोडियम शोषण गुणोत्तर काढावे लागते, म्हणजे सोडियम भागिले कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या सरासरीचे वर्गमूळ, सगळे मिलिइक्विव्हॅलंटमध्ये (वजनाऐवजी आयनांच्या विद्युतभारावर मोजायचे एकक). मिलिग्रॅममध्येच भागाकार करून टाकणे ही नेहमीची चूक आहे, आणि ती प्रस्तावातच दिसली तर पुढचे कोणी वाचत नाही.

मानव्यविद्येच्या शिक्षकांना वाटते आपल्याला खर्च काय दाखवायचा, मग ते लॅपटॉप मागतात. लॅपटॉप आणि मोबाइल जवळपास सगळ्याच योजनांत नाकारले जातात. खरा खर्च वेगळा असतो. झाडीपट्टी रंगभूमीवर काम करायचे असेल तर दिवाळीपासून होळीपर्यंतच्या रात्री वडसा आणि आसपासच्या गावांत काढाव्या लागतात. तासभराची मुलाखत कागदावर उतरवायला चार-सहा तास लागतात, आणि झाडीबोलीत असेल तर बोली जाणणारा माणूसच लागतो. पंधरा मुलाखती, प्रत्येकी दीड तास, म्हणजे साडेबावीस तासांचे ध्वनिमुद्रण आणि नव्वद ते एकशे पस्तीस तासांचे लिप्यंतर. हा आकडा मांडला की मानधनाची मागणी आपोआप पटते.

हिशेब लिहिताना

वरच्याच पाण्याच्या प्रकल्पाचा नमुना हिशेब करू. योजनेची मर्यादा ७५,००० धरली आहे. दर तुमच्या कोटेशनप्रमाणे बदला, पाहायची ती मांडणी.

सामू आणि वाहकतेचे हातात धरायचे मीटर, बफरसह, १४,०००. रसायने, काचसामान आणि बाटल्या १६,०००. बाहेरची तपासणी ४६ नमुने गुणिले ३५० म्हणजे १६,१००. प्रवास दोन फेऱ्या, फेरीला चार दिवस, दिवसाला १,५०० प्रमाणे १२,०००. सोबतीला एक सहायक आठ दिवस, ५०० रुपये रोजाने ४,०००. छपाई व अहवाल ३,०००. सीएचे प्रमाणपत्र ३,०००. आकस्मिक ३,९००. बेरीज ७२,०००. मर्यादेपेक्षा तीन हजार कमी आहे, ते असू द्या. कमाल रकमेला बरोबर टेकलेला हिशेब पाहिला की समितीला वाटते आकडे उलटे मांडत आणले, आणि पुष्कळदा ते खरेच असते.

प्रत्येक रकमेमागे गुणाकार दिसला पाहिजे. 'प्रवास १२,०००' एवढेच लिहिले तर समिती निम्मे कापते. कोटेशनवर जीएसटी धरलेला आहे का ते पाहा. १८ टक्के कराचे ८०,००० रुपयांचे उपकरण ९४,४०० ला पडते, आणि हा फरक मंजुरीनंतर कोणी देत नाही. संशोधन संस्थांना पूर्वी मिळणारी पाच टक्केच जीएसटी लावण्याची सवलत जुलै २०२२ मध्ये निघून गेली. जुन्या प्रस्तावाची नक्कल करणाऱ्यांच्या हिशेबात ती अजून जिवंत असते.

महागडे यंत्र मागण्याऐवजी तपासणीचे शुल्क मागा. पाऊण लाखात यंत्र येत नाही, आले तरी वर्षभराने बंद पडते आणि दुरुस्तीला माणूस नागपूरहून बोलवावा लागतो. देशभरातली यंत्रे कुठे वापरायला मिळतात हे आय-स्टेम या राष्ट्रीय पोर्टलवर शोधता येते. नागपुरात नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था), केंद्रीय कापूस संशोधन संस्था, मृदा सर्वेक्षण ब्यूरो आहेत. तिथल्या शुल्काचे लेखी दरपत्रक प्रस्तावाला जोडले तर तो खर्च सहसा कापला जात नाही.

संदर्भांसाठी पैसे मागू नका. १ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही संशोधन नियतकालिके वाचायला देणारी केंद्राची योजना सुरू आहे. तुमच्या अनुदानित कॉलेजला ते मिळत नसेल तर विद्यापीठाच्या ग्रंथालयात दोन दिवस बसून लेख उतरवून आणा.

परवानग्या, आणि शेतीचे घड्याळ

इथे खरी अडचण होते, म्हणून थोडे सविस्तर.

मेळघाट, ताडोबा किंवा कोणत्याही अभयारण्यात वन्यजीवांचा अभ्यास करायचा तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम २८ खाली परवाना लागतो. अर्ज नागपूरच्या प्रधान मुख्य वनसंरक्षक, वन्यजीव यांच्या कार्यालयाकडे जातो. गेटवर ओळख असणे हा परवाना नव्हे. लोणार सरोवरही अभयारण्यात आहे, आणि २०२० पासून रामसर या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत. तिथून बाटलीभर पाणी उचलण्याआधीही विचारावे लागते, हे सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना अनेकदा बाटली भरल्यावर कळते. परवानगीला महिने लागू शकतात. एक वर्षाच्या प्रकल्पात त्यातले सहा महिने गेले तर उरते काय? म्हणून वनक्षेत्राचा प्रस्ताव पाठवायच्या आधीच परवान्याचा अर्ज टाकावा आणि त्याची पोच प्रस्तावाला जोडावी.

गडचिरोलीत सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांत वनविभागाच्या कागदाने भागत नाही, ग्रामसभेची संमती घ्यावी लागते. मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये हा हक्क मिळाला. तिथे बाहेरून आलेल्या अभ्यासकाला गावच उलट प्रश्न विचारते: तुमच्या अभ्यासातून आमच्या हाती काय येणार? हे उत्तर प्रस्तावातच तयार ठेवा. ग्रामसभा महिन्यातून केव्हा बसते ते आधी विचारून या, मोहाच्या किंवा तेंदूपानाच्या दिवसांत कोणाला वेळ नसतो.

माणसांचे रक्त, लघवी, वजन-उंची, आजाराची माहिती असे काही घेणार असाल तर नैतिकता समितीची मान्यता लागते. सिकलसेलचे सर्वेक्षण त्यात येतेच. तालुक्याच्या कॉलेजात अशी समिती क्वचित असते. विद्यापीठाच्या किंवा जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या समितीकडे जा. मान्यतेआधी गोळा केलेली माहिती नंतर वापरता येत नाही, मागच्या तारखेची मान्यता असा प्रकारच नसतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत काम असेल तर शिक्षणाधिकाऱ्यांचे पत्र आणि पालकांची संमती.

आता घड्याळ. समजा, अर्ज ऑगस्टमध्ये गेला, छाननी ऑक्टोबरमध्ये, मंजुरीपत्र डिसेंबरमध्ये, पैसे फेब्रुवारीत. गुलाबी बोंडअळीचा अभ्यास असेल तर कपाशीची पाते-फुले सप्टेंबरपासून पाहायची असतात, म्हणजे पहिला हंगाम हातचा गेला. मंजुरीचे वर्ष मात्र पत्राच्या तारखेपासून चालू होते. त्यामुळे कालावधी लिहिताना 'पहिला महिना, दुसरा महिना' असे नुसते लिहू नका. मंजुरी डिसेंबरात आली तर काय आधी करायचे तेही लिहा: साहित्याचे वाचन, प्रश्नावलीची चाचणी, गावे ठरवणे, मेमधले पावसाळ्याआधीचे नमुने. पाण्याचा प्रकल्प यासाठी सोयीचा, कारण मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर या दोन्ही फेऱ्या एका वर्षात बसतात. एका हंगामाच्या पिकावरचा प्रयोग असेल तर दीड वर्ष मागा. मे महिन्यात दुपारी फील्डवर्क दाखवू नका. चंद्रपूर-वर्ध्याकडचे ऊन परीक्षकालाही माहीत आहे. सकाळी सहा ते दहा लिहा आणि त्या हिशेबाने दिवस वाढवा.

पैसे आल्यावर

मंजुरीपत्र आले की आधी त्याच्या अटी वाचा, मग अभिनंदन स्वीकारा. हमीपत्र ठरलेल्या मुदतीत दिले नाही तर मंजुरी रद्द होते. रक्कम बहुधा हप्त्यांत येते, पहिला हप्ता लगेच, पुढचा आधीच्या खर्चाचा हिशेब दिल्यावर, आणि शेवटचा काही ठिकाणी अंतिम अहवालानंतर. म्हणजे शेवटचा खर्च कॉलेजला आधी करावा लागू शकतो. प्राचार्यांशी हे सुरुवातीलाच बोलून घ्या, कारण संस्थेकडे त्या महिन्यात पैसे नसतील तर काम तिथेच थांबते.

पैसा तुमच्या खात्यात येत नाही, कॉलेजच्या खात्यात येतो. सगळी बिले प्राचार्यांच्या किंवा कॉलेजच्या नावे, जीएसटी क्रमांकासह, आणि मंजुरीपत्राच्या तारखेनंतरची. 'रसायने आधीच आणून ठेवली होती, बिल नंतर लावू' यातले बिल लेखापरीक्षणात बाद होते आणि वसुली पगारातून निघते. उपकरण डेड स्टॉक रजिस्टरला (टिकाऊ वस्तूंची नोंदवही), रसायने व काचसामान उपभोग्य वस्तूंच्या रजिस्टरला. नोंदीचा पान क्रमांक बिलाच्या मागे लिहून सही. हा पान क्रमांक नसतो म्हणून जितक्या फायली परत येतात, तितक्या दुसऱ्या कशानेही येत नसाव्यात.

खरेदीची पद्धत रकमेवर ठरते. किती रुपयांपर्यंत थेट घेता येते, किती पुढे तीन कोटेशन आणि तुलनात्मक तक्ता, किती पुढे निविदा किंवा जेम हे सरकारी खरेदीचे पोर्टल, या मर्यादा वित्त विभागाकडून लेखी घ्या. मर्यादा चुकवण्यासाठी एका खरेदीची तीन बिले करणे लेखापरीक्षकाला लांबूनच दिसते: तेच दुकान, तोच आठवडा, सलग बिल क्रमांक. तिन्ही कोटेशन एकाच छापखान्यातून आल्यासारखी दिसली तरी तसेच.

खेड्यातला प्रवास ही वेगळी डोकेदुखी. एसटीचे तिकीट जपून ठेवा, ऊन-घामाने त्याची शाई उडते, म्हणून त्याच दिवशी झेरॉक्स काढा किंवा फोटो घ्या. काळीपिवळीवाला तिकीट देत नाही आणि धारणीपुढे बऱ्याच ठिकाणी तेवढेच वाहन असते. अशा वेळी व्हाउचर लागते: तारीख, कुठून कुठे, किलोमीटर, रक्कम, चालकाची सही आणि गाडी क्रमांक. रोखीने दिलेल्या ५,००० पेक्षा जास्त रकमेच्या पावतीला एक रुपयाचे रेव्हेन्यू तिकीट लावा. टॅक्सी करायची असेल तर आधी लेखी परवानगी, नंतर कितीही कारणे दिली तरी चालत नाही. सहायकाचा रोज शक्यतो बँकेतून द्या आणि हजेरीपत्रक ठेवा.

एका शीर्षातले, म्हणजे खर्चाच्या एका बाबीतले, पैसे दुसऱ्यात वळवायचे तर खर्च करण्याआधी विचारायचे. रसायने स्वस्त मिळाली म्हणून वाचलेले चार हजार प्रवासात घातले, तर हिशेबाची बेरीज जुळते पण ते चार हजार नामंजूर होतात. शिल्लक आणि तिच्यावरचे बँक व्याजही परत करायचे असते.

उपयोगिता प्रमाणपत्राचा नमुना विद्यापीठाचाच वापरा. केंद्राच्या निधीसाठी असलेला १२-ए नमुना इंटरनेटवर सगळीकडे मिळतो आणि लोक तोच भरून पाठवतात. तो परत येतो. सीएच्या प्रमाणपत्रावर यूडीआयएन, म्हणजे त्या प्रमाणपत्राचा स्वतंत्र ओळख क्रमांक, हवाच, २०१९ पासून त्याशिवायचे प्रमाणपत्र ग्राह्य धरत नाहीत. मार्चमध्ये सीएकडे कॉलेजांची रांग असते, तुमची तीन पानांची फाइल त्याच्या टेबलावर सर्वांत खाली जाते. फेब्रुवारीतच द्या.

अंतिम अहवालात जे जमले नाही तेही लिहा. २० पैकी ३ विहिरी मेमध्ये आटल्या, म्हणून त्या फेरीत १७ च नमुने मिळाले, हे लिहिलेले चालते. आकडे भरून २० केलेले दुसऱ्या फेरीच्या ताळ्यात उघडे पडतात. अहवालाआधी साहित्यचौर्य तपासणी लागते. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. आधीच्या अर्जातली तुमचीच प्रस्तावना जशीच्या तशी डकवली तर तीही साम्यात मोजली जाऊ शकते. लेखात विद्यापीठाचे नाव आणि मंजुरीपत्राचा क्रमांक आभारात द्यावा लागतो, तो राहिला तर तो लेख प्रकल्पाचे फलित म्हणून धरला जात नाही.

विहीरमालकांना त्यांच्या पाण्याचे आकडे एका पानावर, वऱ्हाडीत समजतील असे, परत द्या. नियमात हे नसते. पण पुढच्या वर्षी त्याच धुऱ्यावर पुन्हा बाटली घेऊन जायचे असेल तर आधीचा कागद त्या घरी पोहोचलेला असावा लागतो.

मीटर आणि उरलेले काचसामान कॉलेजचे, तुमचे नाही. बदली झाली किंवा निवृत्ती आली की ते विभागप्रमुखांच्या ताब्यात द्या आणि डेड स्टॉक रजिस्टरमधल्या त्याच पानावर त्यांची सही घ्या. ना-देय प्रमाणपत्र या सहीसाठी अडते, आणि तोवर ते मीटर कोणत्या कपाटात गेले हे कोणालाच आठवत नसते.